ताऱ्यांच्या विद्येची पदवी

आकाशदर्शनाची हौस आणि आकाशस्थ पदार्थांचे भौतिक स्वरूप उलगडणारी विद्या या दोहोंत अंतर बरेच मोठे आहे, आणि बारावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन ‘मला खगोलभौतिकीच शिकावयाची आहे’ असे निश्चयाने सांगत महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या मुलामुलींना ते बहुधा पहिल्या सहामाहीतच प्रत्ययास येते. कृष्णविवरे, स्पंदक तारे, विश्वाचा आरंभ यांविषयी त्यांनी मनोभावे वाचलेले असते. पण वेळापत्रकात त्यांच्या वाट्यास येतात ते उतरणीवरून घसरणारे ठोकळे, दोन्ही टोकांना ताणून बांधलेल्या तारेची कंपने, अनंत श्रेढींच्या बेरजा आणि प्रयोगशाळेतील व्हर्निअरची मापे. आकाश कोठेच दिसत नाही. परदेशातील ज्या विद्यापीठांत ‘खगोलभौतिकी’ या नावाचाच पदवी-अभ्यासक्रम आहे तेथेही प्रकार फारसा निराळा नाही. केंब्रिजमध्ये तर निसर्गविज्ञाने किंवा गणित यांत पहिली दोन वर्षे घालविल्यावर मग तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्यास खगोलभौतिकीचा स्वतंत्र भाग घेता येतो. ही दिरंगाई केवळ विद्यापीठांच्या जुन्या शिरस्त्यापायी होते असा पुष्कळांचा ग्रह असतो. वस्तुतः तिचे कारण या विद्येच्या घडणीतच आहे, आणि ते एकदा नीट उमगले म्हणजे त्या ठोकळ्यांकडे आणि त्या व्हर्निअरकडे पाहण्याची विद्यार्थ्याची दृष्टी पालटल्यावाचून राहात नाही.

इसवी सन १८३५ मध्ये ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने असे लिहून ठेवले की, ताऱ्यांचे आकार, अंतरे व गती यांचा निर्णय माणसाला करता येईल, परंतु त्यांची रासायनिक घटना जाणण्याचा मार्ग त्याला केव्हाही सापडणार नाही. त्या काळी हे मत अविचाराचे म्हणता आले नसते, कारण पदार्थाचे पृथक्करण करावयाचे तर तो हाती घ्यावा लागतो, आणि तारा काही हाती येत नाही. पण पंचवीस वर्षे उलटण्यापूर्वीच, १८५९ मध्ये, हायडेलबर्ग येथे किर्खोफ आणि बुन्सेन या दोघांनी ज्योतीत धरलेल्या क्षारांच्या प्रकाशाचे वर्णपट तपासून असे दाखविले की, प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक जागीच रेषा उमटविते, आणि सूर्याच्या वर्णपटातील ज्या काळ्या रेषा फ्राउनहोफरने १८१४ मध्ये मोजून त्यांना अक्षरांची नावे दिली होती, त्या याच मूलद्रव्यांच्या आहेत. त्या दिवसापासून खगोलशास्त्राच्या जुन्या शाखेला, म्हणजे ग्रहताऱ्यांच्या स्थितिगतीच्या गणिताला, पदार्थविज्ञानाची जोड मिळाली, आणि जी नवी विद्या उदयास आली तिचा पाया प्रयोगशाळेतील मेजावर घातला गेला होता. वेधशाळेने तो तेथून उसना घेतला.

तो पाया आजही आमच्या महाराष्ट्रातील बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत पाहावयास मिळतो. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतील अंधारी खोली, कोपऱ्यात हळूहळू तापत गुलाबीची पिवळी होणारी सोडियमच्या दिव्याची ज्योत, आणि तिच्यासमोर स्पेक्ट्रोमीटर नावाचे ते जड लोखंडी यंत्र: एका नळीला बारीक फट, मध्ये फिरता मंच, दुसरी नळी दुर्बिणीची. मंचावर इंचाला १५,००० रेघा आखलेली ग्रेटिंग बसवून विद्यार्थी दुर्बीण बाजूला फिरवीत नेतो, तेव्हा वीस अंशांच्या पलीकडे त्याला पिवळी रेषा दिसते, आणि आणखी पुढे, चव्वेचाळीस अंशांच्या आसपास, तीच रेषा फाटून तिच्या दोन होतात. एकीची तरंगलांबी ५८९.० नॅनोमीटर, दुसरीची ५८९.६. त्या ठिकाणी दोघींमधील कोन जेमतेम तीन-साडेतीन कलांचा असतो, आणि मान वाकडी करून, एक डोळा मिटून, भिंगाखाली व्हर्निअरची रेघ जुळवीत तो मोजावयाचा असतो. हा प्रयोग विद्यार्थी परीक्षेपुरता करतात, वहीत आकडे उतरवतात, शिक्षकांची सही घेतात आणि विसरून जातात, याचे मला फार वाईट वाटते. कारण फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटात ‘डी’ या अक्षराने जी जोडरेषा नोंदली होती ती हीच, आणि किर्खोफने सूर्यकिरण सोडियमच्या ज्योतीतून जाऊ दिले तेव्हा अधिक काळी पडलेली रेषाही हीच. ज्या विद्यार्थ्याने तीन कलांचे ते अंतर स्वतःच्या डोळ्याने मोजले आहे, त्याने सूर्याच्या वातावरणातील सोडियमची खातरजमा करण्याची कृती हस्तगत केलेली असते. त्याला फक्त कोणी ते सांगितलेले नसते.

याच पिवळ्या भागात, ५८७.६ नॅनोमीटरच्या जागी, आणखी एक रेषा आहे, आणि तिचा वृत्तांत आपल्या देशाशी निगडित आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आंध्रातील गुंटूर येथे तळ देऊन बसलेल्या फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन याने सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नॉर्मन लॉक्यर याने इंग्लंडात, ग्रहणावाचूनही, तो पाहण्याची सोय शोधून काढली. त्या ज्वालांच्या प्रकाशातील एक पिवळी रेषा सोडियमच्या दोहोंशी जुळेना, आणि पृथ्वीवरील कोणत्याही पदार्थात ती आढळेना, म्हणून ती एका नव्या मूलद्रव्याची असावी असे अनुमान होऊन त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव पडले. पृथ्वीवर तो वायू रॅम्झीच्या हाती लागला तो १८९५ मध्ये. विजयदुर्गच्या किल्ल्यावरून लॉक्यरने हेलियमचा शोध लावला अशी कोकणात रूढ असलेली समजूत मात्र तारखांशी जुळत नाही; लॉक्यर विजयदुर्गास आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे शोधानंतर सुमारे तीस वर्षांनी.

परंतु रेषा ओळखणे म्हणजे ताऱ्याची घटना जाणणे नव्हे, आणि पदवीच्या अभ्यासक्रमात ऊष्मागतिकीचे प्रकरण दुसऱ्या वर्षी येते तेव्हा तिचा ताऱ्यांशी काय संबंध, हा प्रश्न येथेच सुटतो. एखाद्या ताऱ्याच्या वर्णपटात सोडियमची रेषा नाही म्हणून तेथे सोडियम नाही, असे म्हणता येत नाही. तापमान वाढले की अणूंचे इलेक्ट्रॉन निखळतात, आणि निखळलेल्या इलेक्ट्रॉनाचा अणू आपल्या पहिल्या रेषा उमटवीत नाही. उलट दाब वाढला तर सुटलेले इलेक्ट्रॉन पुनः अणूंना येऊन मिळतात. कोणत्या तापमानाला आणि किती दाबाखाली किती अणू अशा रीतीने विघटित झालेले असतील याचे सूत्र १९२० मध्ये कलकत्त्याच्या मेघनाद साहांनी दिले. रसायनशास्त्रात वायूंच्या विघटनासाठी जे समीकरण वापरले जात होते त्याचाच प्रयोग त्यांनी अणू आणि इलेक्ट्रॉन यांच्यावर केला. आणि साहांची स्वतःची पदवी गणिताची होती, हेही येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांच्या सूत्राने ताऱ्यांच्या वर्णपटांचे जे वर्ग केवळ दिसण्यावरून पाडले गेले होते ते तापमानाच्या मोजपट्टीवर ओळीने बसले.

त्या सूत्राचा सर्वांत धाडसी उपयोग ज्या विद्यार्थिनीने केला तिचे शिक्षण मुद्दाम सांगावे असे आहे. सिसिलिया पेन १९१९ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात आली ती वनस्पतिशास्त्र, रसायन आणि पदार्थविज्ञान शिकण्यासाठी. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील ग्रहणात सूर्याजवळून जाणारे प्रकाशकिरण आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे वाकतात की नाही हे पाहण्यासाठी एडिंग्टन आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील प्रिन्सिपे बेटावर गेले होते. परत आल्यावर त्यांनी दिलेले व्याख्यान तिने ऐकले, आणि तिचा कल कायमचा बदलला. पण बदलून ती वळली ती पदार्थविज्ञानाकडे, आणि मन लावून तिने तोच विषय पुरा केला. केंब्रिजने त्या काळी स्त्रियांना अभ्यास करू दिला तरी पदवी देण्याची तजवीज नव्हती. तो हक्क मिळावयास १९४८ साल उजाडावे लागले. सिसिलिया १९२३ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत गेली. तेथील काचेच्या पट्ट्यांवर साठविलेल्या ताऱ्यांच्या वर्णपटांना तिने साहांचे सूत्र लावले, आणि १९२५ च्या आपल्या प्रबंधात असा निष्कर्ष मांडला की, ताऱ्यांमध्ये लोखंड, कॅल्शियम, सिलिकन यांची परस्पर प्रमाणे पृथ्वीसारखीच असली, तरी हायड्रोजन आणि हेलियम मात्र त्यांच्या तुलनेत अपरंपार, हायड्रोजन तर सुमारे दहा लाख पट, अधिक आहे. सूर्य पृथ्वीसारख्याच द्रव्याचा बनलेला आहे असे सर्व मान्यवर तेव्हा मानीत. प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल यांनी हा निष्कर्ष अशक्य ठरविला, आणि तरुण सिसिलियाने त्यांच्या भिडेखातर आपल्याच प्रबंधात ‘हे आधिक्य बहुधा खरे नसावे’ अशा आशयाचा मजकूर घातला. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, दुसऱ्या मार्गाने गणित करून रसेल स्वतः त्याच निर्णयास आले. आज आपण जाणतो की सूर्याच्या वस्तुमानाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग हायड्रोजन आहे. वर्णपट हार्वर्डात पुष्कळांना उपलब्ध होते. त्यांचा अर्थ लावण्यास लागणारे नवे पदार्थविज्ञान सिसिलियापाशी होते, आणि ते तिने पदवीच्या वर्षांत मिळविले होते.

आता तिसऱ्या वर्षीच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते याचा एक दाखला घेऊ. सूर्याच्या गर्भात तापमान किती असेल? तेथे कोणी तापमापी नेलेली नाही, नेणे संभवनीयही नाही. पण पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर आणि तिच्या प्रदक्षिणेचा काळ एवढ्यावरून, न्यूटनचा नियम आणि गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक यांच्या साहाय्याने, सूर्याचे वस्तुमान निघते: दोनावर तीस शून्ये इतके किलोग्रॅम. दिसणाऱ्या बिंबाच्या कोनावरून त्याची त्रिज्या मिळते: सुमारे सात लाख किलोमीटर. सूर्य कोसळून पडत नाही आणि फुगून विखुरतही नाही, याअर्थी आतल्या प्रत्येक थरावर वरच्या थरांचे जे ओझे पडते त्याला खालच्या वायूचा दाब तंतोतंत तोलून धरीत असला पाहिजे. हा तोल म्हणजे पहिल्या वर्षी शिकलेले स्थितिशास्त्र. वायूचा दाब तापमानावर कसा अवलंबून असतो हेही पहिल्या वर्षाचेच. दोन्ही एकत्र मांडले म्हणजे एका प्रोटॉनची सूर्याच्या आकर्षणातील ऊर्जा आणि त्याची उष्णतेची ऊर्जा साधारण सारख्या असाव्यात असे निष्पन्न होते. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, सूर्याचे वस्तुमान आणि प्रोटॉनचे वस्तुमान यांचा गुणाकार करावा, त्याला त्रिज्येने व बोल्ट्झमनच्या स्थिरांकाने भागावे. उत्तर येते सुमारे २ कोटी ३० लाख अंश. अत्यंत सूक्ष्म संगणकीय गणिताने आज मान्य झालेला आकडा १ कोटी ५७ लाखांच्या जवळपास आहे. पाठकोऱ्या कागदावर, पाच मिनिटांत, पाच राशींच्या बळावर, चौदा कोटी शहाण्णव लाख किलोमीटर दूर असलेल्या गोलाच्या अंतर्भागाविषयी विद्यार्थी इतका जवळचा अंदाज करू शकतो, याहून मोठा विस्मय मला या विद्येत दुसरा दिसत नाही, आणि तो पहिल्या सहामाहीतील कंटाळवाण्या वाटणाऱ्या ठोकळ्यांच्या गणितावर उभा आहे.

त्याच कागदावर पुढचे गणितही होते. सूर्य आकुंचन पावत पावत गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर टाकतो असे लॉर्ड केल्विन मानीत असत. ती सारी ऊर्जा काढून तिला सूर्य दर सेकंदाला जितकी बाहेर टाकतो तितकीने भागले की आयुर्मान निघते सुमारे ३ कोटी वर्षे. भूगर्भशास्त्रज्ञ मात्र खडकांचे थर दाखवून म्हणत की पृथ्वी याहून फार वृद्ध असली पाहिजे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोन पक्षांत जो वाद पेटला त्यात केल्विनच्या गणितात चूक कोणालाच काढता आली नाही. चूक गणितात नव्हतीच. ऊर्जेचा खरा उगम कोणास ठाऊक नव्हता. ॲस्टनने मोजून दाखविले होते की चार हायड्रोजन अणूंहून एक हेलियम अणू थोडा हलका असतो, आणि हे तुटीचे वस्तुमान, शेकड्याला पाऊण टक्क्याहून किंचित कमी, ऊर्जेत रूपांतरित होत असले पाहिजे असे एडिंग्टन यांनी १९२० मध्ये जाहीर व्याख्यानात सुचविले. सूर्यातील दहावा हिस्सा हायड्रोजन जरी अशा रीतीने खर्ची पडला तरी सूर्य १,००० कोटी वर्षे प्रकाशत राहील. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. तरीही एक अडचण उरतेच, कारण दीड कोटी अंश तापमानालाही दोन प्रोटॉन परस्परांचे विद्युत्‌प्रतिसारण ओलांडून एकमेकांस भिडण्याइतके वेगवान नसतात. ते त्या अडसरातून पार होतात ते पुंजयामिकीच्या नियमांनी, जे गॅमोने १९२८ मध्ये किरणोत्सर्गाला लावले आणि बेथेने १९३९ मध्ये ज्यांच्या आधारे सूर्यातील अणुकेंद्रीय प्रक्रियांची साखळी मांडली. तेव्हा पुंजयामिकी वगळून सूर्य का प्रकाशतो हेदेखील सांगता येत नाही.

पदवी हाती पडतानाच या सर्व शाखांना एका प्रश्नावर आणून भिडविणारा विद्यार्थी आपल्याच देशात होऊन गेला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत असताना १९२८ मध्ये जर्मनीचे सॉमरफेल्ड तेथे आले. त्यांची भेट घेतली असता ‘तुम्ही शिकलात ते अणुविज्ञान आता मागे पडले’ असे ऐकावे लागल्यावर, त्या तरुणाने नव्या सांख्यिकीचा अभ्यास स्वतःच्या बळावर आरंभिला. त्या सांख्यिकीच्या आधारे राल्फ फाउलर यांनी १९२६ मध्ये श्वेत बटू ताऱ्यांचे रहस्य उकलले होते: सूर्याइतके द्रव्य पृथ्वीएवढ्या आकारात दाबून भरले की इलेक्ट्रॉनांना एका अवस्थेत दाटीवाटीने राहता येत नाही, आणि त्या मज्जावातून जो दाब उत्पन्न होतो तो तापमानावर मुळीच अवलंबून नसतो. १९३० च्या जुलैअखेरीस मुंबई बंदरातून आगबोटीने इंग्लंडला निघालेल्या या एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या ध्यानात प्रवासात असे आले की, तारा जसा अधिक जड तसे त्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ येत जाणार, आणि मग सापेक्षता लक्षात घ्यावी लागणार. तसे केले की दाब पुरेसा वाढत नाही आणि एका मर्यादेपलीकडील वस्तुमानाचा श्वेत बटू अस्तित्वातच राहू शकत नाही. पुढे काटेकोर गणितानंतर ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली. त्या मर्यादेवरील ताऱ्यांचे काय होते या प्रश्नाचा माग घेतच न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे आली. चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळाले १९८३ मध्ये. वाचकांनी हे पाहावे की बोटीवरील त्या गणितासाठी दुर्बीण लागली नाही. लागले ते सांख्यिकीय भौतिकी आणि विशेष सापेक्षता यांचे पक्के ज्ञान, आणि आज ते पदवीच्या शेवटच्या वर्षाला नेमलेले असते.

जयंत नारळीकरांचे उदाहरण तर महाराष्ट्राला घरचेच. कोल्हापुरात जन्मलेले आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयातून १९५७ मध्ये पदवी घेतलेले नारळीकर केंब्रिजला गेले ते गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेसाठी, आणि १९५९ मध्ये त्यात सर्वप्रथम येऊन त्यांनी सीनियर रँग्लरचा मान मिळविला, र. पु. परांजपे यांनी १८९९ मध्ये तो प्रथम मिळविल्यापासून त्या पदाशी मराठी वाचक परिचित आहेतच. फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली विश्वशास्त्राचे संशोधन सुरू झाले ते या भक्कम गणिताच्या पश्चात. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ या आंतरविद्यापीठीय केंद्राची स्थापना झाली आणि नारळीकर त्याचे पहिले संचालक झाले. देशातील विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एके ठिकाणी येऊन काम करता यावे हा त्या संस्थेचा मूळ हेतू होता.

मात्र केवळ कागदावरच्या गणिताने हा विद्यार्थी तयार होतो असे मी सुचवीत असेन तर ते एकांगी होईल. त्याला मोजमापाची शिस्तही लागते, आणि तिचे शिक्षण सर्वांत कष्टाचे असते. आकाशात आज विद्यार्थी डोळा लावून क्वचितच पाहतो. पाहतो तो सीसीडी नावाचा सिलिकनचा पत्रा. त्या पत्र्याने दिलेले चित्र जसेच्या तसे घेता येत नाही. प्रकाश न पडताही यंत्र काही आकडे देतेच, म्हणून झडप बंद ठेवून चित्रे घ्यावी लागतात आणि ती मूळ चित्रातून वजा करावी लागतात. पत्र्याचा प्रत्येक ठिपका सारखाच संवेदनशील नसतो, म्हणून संधिप्रकाशातील एकसारख्या उजळ आकाशाचे चित्र घेऊन त्याने भागावे लागते. पुणे–नाशिक रस्त्याजवळील गिरवली येथे आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून उभी आहे. तेथील वेधांवरदेखील हेच संस्कार करावे लागतात, आणि हे सर्व आटोपल्यानंतर एका ताऱ्याच्या तेजाचा एक आकडा मिळतो. त्याच्यापुढे अधिक-उणे किती, हे लिहिल्याशिवाय तो आकडा विद्यार्थ्याच्या वहीत चढता कामा नये. या अधिक-उणेचे मोल काय, ते केप्लरने सांगून ठेवले आहे. टायको ब्राहेने घेतलेल्या मंगळाच्या वेधांशी त्याचे वर्तुळाकार मार्गाचे गणित आठ कलांनी, म्हणजे चंद्रबिंबाच्या साधारण पावपट अंतराने, चुकत होते. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. टायकोच्या वेधांत एवढी त्रुटी असू शकत नाही याची केप्लरला खात्री होती, म्हणून त्याने वर्तुळ टाकून दिले, आणि १६०९ मध्ये ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा जगापुढे आल्या.

रेडिओ दुर्बिणींच्या बाबतीत तर पुणे जिल्हा भाग्यवान आहे. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेली आहे, आणि हायड्रोजन वायूचा वेध हे तिच्या निर्मितीमागील एक प्रमुख उद्दिष्ट होते. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटरच्या तरंगलांबीवर जो क्षीण रेडिओ संदेश देतो त्याचे भाकीत १९४४ मध्ये झाले आणि १९५१ मध्ये तो प्रत्यक्ष पकडला गेला. आज पुठ्ठा आणि ॲल्युमिनियमचा पत्रा यांचा कर्णा करून पदवीचे विद्यार्थीही तो पकडतात, आणि त्याच्या तरंगलांबीत पडलेल्या फरकावरून आपली आकाशगंगा फिरते आहे याचा स्वतः पडताळा घेतात. आयुका आणि शेजारचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र यांच्या वतीने उन्हाळी सुट्टीत विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची योजना चालविली जाते, हिवाळ्यात रेडिओ खगोलशास्त्राची शाळा भरते, आणि मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अशीच सोय आहे. अर्ज मुदतीत करावा लागतो, स्पर्धा असते. पण अशा संस्था जवळ आहेत याची वार्ताच जिल्ह्याजिल्ह्यांतील पुष्कळ महाविद्यालयांपर्यंत पोचलेली नसते, ही गोष्ट मनाला लागते.

ती अधिक लागण्याचे कारण असे की, पदवीच्या विद्यार्थ्यांच्या आवारातच वेधशाळा हा प्रकार पुण्यास नवा नाही. कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या ५,००० रुपयांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारने तिला दिलेल्या जोडीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ च्या सुमारास वेधशाळा उभारली. डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली वीस इंची परावर्ती दुर्बीण तीत होती, आणि त्या काळी हिंदुस्थानात तिच्याएवढी दुसरी नव्हती. १८९८ च्या ग्रहणासाठी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ देऊन गेले आणि त्यांनी सूर्याच्या कडेचे वर्णपट घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, सरकारी हुकुमाने वेधशाळा बंद झाली, आणि यंत्रे कोडाईकनालला रवाना झाली. त्यांच्या जागी बसावयास दुसरा माणूस तयार केला गेला असता तर पुण्याच्या विज्ञानशिक्षणाचा पुढचा इतिहास निराळा झाला असता, असे मला नेहमी वाटते.

पालकांचा प्रश्न उरतो तो चरितार्थाचा, आणि तो रास्त आहे. खगोलभौतिकीची पदवी घेणारे सगळेच वेधशाळांत नोकरीस लागत नाहीत. तेवढ्या जागा जगात नाहीत. ज्यांना संशोधनाचीच ओढ आहे त्यांना पदवीनंतर पदव्युत्तर अभ्यास आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांचे पीएच.डी.चे काम करावे लागते, हे आधीच समजून घ्यावे. उरलेले विद्यार्थी संगणकीय कामांत, उपकरणांच्या निर्मितीत, अवकाश-संशोधनात, अध्यापनात जातात, आणि अपुऱ्या व अशुद्ध आकड्यांतून खरे काय ते निवडण्याची जी सवय त्यांना लागलेली असते तिला सर्वत्र मागणी आहे. ही विद्या पोट भरीत नाही ही तक्रार म्हणून मला मान्य नाही.

तेव्हा ज्या मुलामुलींच्या मनात ताऱ्यांनी घर केले आहे त्यांना माझे सांगणे इतकेच आहे की, ‘खगोलभौतिकी’ हा शब्द पदवीच्या नावात असो वा नसो, जवळच्या चांगल्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान हा मुख्य विषय घ्यावा, गणित शेवटच्या वर्षापर्यंत सोडू नये, संगणकाची एक भाषा पहिल्याच वर्षी शिकावी, आणि सोडियमच्या दिव्याचा प्रयोग पाळीला येईल त्या दिवशी वहीवर सही घेण्याची घाई न करता त्या दोन रेषा डोळे भरून पाहाव्यात.